वीस सुयांचं पत्र

विजया नरसीकर यांनी एकोणतीस वर्षं सेनगावच्या एका सरकारी कचेरीत पत्रं लिहिली, आणि त्यातलं एकही पत्र कुणी आवडीनं दुसऱ्यांदा वाचलं नसेल. हे त्या स्वतःच हसत हसत सांगतात. आवक-जावकच्या टेबलावर बसून हाताला अशी सवय लागली होती, की घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी वरती 'विषय' यायचा. एकदा खरोखरच त्यांनी लिहिलं होतं, 'विषय : दुधातील पाण्याचे प्रमाण कमी करणेबाबत.' दूधवाल्यानं ती चिठ्ठी जपून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. दूध मात्र होतं तसंच राहिलं.

त्यांचं घर नरसी नामदेवला. यजमान विश्वंभरराव तिथल्याच एका लहानशा देवळात पूजाअर्चा बघतात. एकुलती लेक संपदा पुण्यात नोकरीला. रिटायर झाल्यावर आठ दिवस विजयाताईंनी घरातले डबे घासले, बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, देवळातल्या समया चमकवल्या. नवव्या दिवशी सकाळी त्या सवयीनं पिशवी घेऊन फाट्यावर आल्या आणि सेनगावची गाडी आली तशी चढल्यासुद्धा. तिकीट काढल्यावर लक्षात आलं, की जायचं कुठंच नाही.

पण सेनगावच्या स्टँडवर उतरल्या आणि किशनराव समोर उभे. किशनराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सायकलच्या दुकानामागच्या एका खोलीत त्यांनी 'उजेड मंडळ' नावाची छोटी संस्था चालवायला घेतली होती. गावोगावी जाऊन चाळिशीपुढच्या लोकांचे, त्यातही बायांचे डोळे तपासायचे आणि ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांना चष्मे द्यायचे, एवढंच काम. हिंगोलीचे डोळ्यांचे डॉक्टर अपूर्व मंगळवारी फुकट यायचे. डॉक्टर होते, गावं होती, डोळे तर होतेच. चष्मे नव्हते.

"ताई, तुमी आयुष्यभर पत्रं लिहिली," किशनराव म्हणाले. "आमच्यासाठी एक लिहा. लोकाइनं पैसे धाडले पायजेत असं."

"आधी कोण लिहायचं?"

"मीच," सर म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

कागदाची सुरुवात अशी होती : 'हे दानशूर कर्णहो! अंधःकाराच्या गर्तेत चाचपडणाऱ्या दीनदुबळ्या जिवांच्या आर्त हाका आपल्या कर्णरंध्रांवर पडत नाहीत काय?' अशी तीनशे पत्रं गेली होती. उत्तरं आली चार. दोघांनी पैसे पाठवले, एकानं पत्ता बदलल्याचं कळवलं, आणि एकानं मुलाच्या लग्नाची पत्रिका पाठवली.

"सर, 'कर्णरंध्र' जरा जास्त झालं," विजयाताई म्हणाल्या.

"भारदस्त नको काय पत्र?"

विजयाताईंनी नवं पत्र लिहिलं. त्यात कर्ण नव्हता, आर्त हाका नव्हत्या. 'विषय : चष्मे वाटप उपक्रमास अर्थसाहाय्य मिळणेबाबत' असं ठळक लिहून त्याखाली 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात होती. खाली सात मुद्दे, सोबत दोन परिशिष्टं. एकही चूक नव्हती. पत्रं रवाना झाली आणि तीन आठवड्यांनी एकुलतं एक उत्तर आलं, नांदेडच्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं : 'आपले पत्र प्राप्त झाले. ते नस्तीबद्ध करण्यात येत आहे.'

म्हणजे फाइलला लावून मोकळे. ते वाचून विजयाताईंना एवढं हसू आलं, की शेजारच्या सायकलवाल्यानं डोकावून पाहिलं. पण संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर हसू ओसरलं. एकोणतीस वर्षांत आपल्याला एकच भाषा आली, आणि ती माणसांशी बोलायची नाही, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

रविवारी संपदाचा फोन आला तेव्हा त्यांनी पत्र वाचून दाखवलं.

"आई, हे कोणाला लिहिलंयस?"

"देणगीदारांना."

"म्हणजे कोणाला? एकाचं नाव सांग."

विजयाताईंना नाव सांगता येईना. तीनशे बारा पाकिटांवर त्यांनी स्वतःच्या हातानं पत्ते लिहिले होते, पण एक नाव डोळ्यांपुढे येईना.

"मग ज्याला लिहितेस तो माणूस आधी शोध ना," संपदा म्हणाली. "मला कसं लिहायचीस होस्टेलवर? 'मांजरीनं परत कपाटात पिल्लं घातली' हे पहिलं वाक्य असायचं. आम्ही सगळ्या मैत्रिणी मिळून वाचायचो तुझी पत्रं."

"ती पत्रं होय? ती आपली अशीच."

"तशीच लिही."

दुसऱ्या दिवशी विजयाताईंनी खोलीतली जुनी फाइल काढली. देणगीसोबत कुणी काही लिहून पाठवलं असेल तर ते किशनराव त्यात लावून ठेवत. टाचण्या गंजल्या होत्या. चाळता चाळता एका कार्डापाशी त्या थांबल्या. परभणीच्या कुणा रेवती पाथ्रीकरांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं : 'माझी आई शेवटची दहा वर्षं काही वाचत नव्हती. आम्हाला वाटायचं, तिला कंटाळा आला. ती गेल्यावर कळलं, तिला दिसत नव्हतं. तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हणून हे पैसे.'

"सर, या बाईंना कोणी उत्तर दिलं होतं का?"

किशनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पावती धाडली होती बराबर."

"आणि मी यांना 'महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणाले!" विजयाताईंनी कार्ड फाइलमधून सोडवून पर्समध्ये ठेवलं. आता नाव सांगता आलं असतं.

पुढच्या मंगळवारी साखऱ्याला शिबिर होतं. एरवी विजयाताई खोलीतच बसायच्या, पण या वेळी त्याही जीपमध्ये चढल्या. शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता टांगला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तांदूळ, तीळ आणि सुई-दोरा ठेवला. दुपारपर्यंत एकेचाळीस बायांना जवळचा चष्मा लागेल असं निघालं, आणि पेटीत होते नऊ. उरलेल्या बत्तीस जणींची नावं विजयाताईंनी लिहून घेतली.

तेविसावं नाव गोजरबाईंचं. बासष्टीची, काटक, ताठ कण्याची बाई. डॉक्टरांनी सुई पुढे केली तर म्हणाली, "ते सोडा सायेब. सुई दिसत असती तर इथं काहून आले असते?"

"मग शिवता कशा, मावशी?"

"सकाळी वीस सुया ओवून घेते," गोजरबाई म्हणाल्या. "शेजारची सून हाय, मंजुषा. रानात जायच्या आधी ती मला वीस सुया ओवून देती. उशीत टोचून ठेवते. एक संपली का दुसरी. विसावी संपली का काम बंद."

विजयाताईंचं पेन थांबलं. "आणि ती कधी संपते?"

"एक वाजता. लई सांभाळून टाके घातले तर दीड."

"मग पुढं दिवसभर?"

"पुढं काय! मंजुषाची वाट पाहून राहिले."

गोजरबाई वाकळा, म्हणजे गोधड्या शिवायच्या. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, कुणाच्या लग्नातल्या शालूच्या. पंचक्रोशीत लेक बाळंतपणाला आली, की तिच्यासाठी वाकळ साखऱ्याहून यायची. पूर्वी त्यांची एक वाकळ महिन्याभरात व्हायची, तिला आता तीन महिने लागायचे.

विजयाताई जीपमध्ये बसल्या त्या मनाशी पत्र जुळवतच. पण घरी आल्यावर त्यांना शंका आली. एवढंसं सांगून कुणाला पाझर फुटेल? कुठल्या कुठल्या संस्थांची पत्रकं त्यांनी गोळा केली होती. त्यात सगळीकडे अश्रू होते. मग त्यांनीही लिहिलं : 'एका मोडक्या झोपडीत एक निराधार वृद्धा अश्रू ढाळत बसली आहे. तिच्या जीवनात केवळ काळोख आहे.' किशनरावांना ते फार आवडलं. त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

"पण तिला विचारायला पाहिजे, सर. नाव तिचं आहे."

म्हणून पुढच्या मंगळवारी विजयाताई एकट्याच एसटीनं साखऱ्याच्या फाट्यावर उतरल्या. गोजरबाईंच्या अंगणात आठ-दहा बाया जमल्या. मंजुषानं चहा केला. विजयाताईंनी घसा साफ करून पत्र वाचलं.

"ही बाई कोण हाय?" गोजरबाईंनी विचारलं.

"तुम्हीच की."

"मी? झोपडी कोन्ती? पत्र्याचं घर हाय मपलं, दोन खोल्याचं, दिसत न्हाई का? अन् निराधार म्हंजे काय?"

"म्हणजे... ज्याला कोणी नाही असं."

"दोन लेकी हायेत, जावई हायेत, ही मंजुषा हाय, गाव हाय. अन् रडले कव्हा मी?" गोजरबाईंचा आवाज चढला. "मालक गेले तव्हा रडले, ते बी तेरा दिवस. चवदाव्या दिशी सुई घेतली हातात. तुमी मला रडकी काहून केली, म्याडम?"

शेजारची रूपाबाई पदराआड हसू दाबत म्हणाली, "गोजराक्का, ह्या पत्रातल्या बाईला पयले जेवू तरी घाला, लई तकलीफ हाय तिला."

अंगण खदाखदा हसलं. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. विजयाताईंचे कान लाल झाले. कचेरीत साहेबांनी मसुदा तोंडावर फेकला तरी त्यांना एवढं लागलं नव्हतं, कारण तिथं त्यांचं काही चुकलेलं नसायचं. इथं चुकलं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि कोरा कागद काढला. "तुम्ही सांगा. काय लिहू?"

गोजरबाई जरा नरमल्या. उठून आत गेल्या आणि एक वाकळ घेऊन आल्या. अंगणात ती उलगडली तेव्हा विजयाताई वाकून पाहतच राहिल्या. मधोमध लाल चौकडा, भोवती हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचे वेढे, आणि सगळ्यांवरून मुंगीच्या रांगेसारखे पांढरे टाके.

"हे लिवा," गोजरबाई म्हणाल्या. "का मी हे करते. पन्नास वर्सापासून करून राहिले. अन् मला करायला पायजे. एक वाजता काम बंद पडतं ते मला सोसत न्हाई. बस, एवढंच माझं दुखणं हाय. दुसरं काही न्हाई."

त्याच अंगणात, मांडीवर पाटी ठेवून, विजयाताईंनी पत्र लिहिलं. पर्समधलं परभणीचं कार्ड काढून समोर ठेवलं आणि त्या बाईंशी बोलल्यासारखं लिहीत गेल्या. एखादं वाक्य अडलं की गोजरबाईंना विचारायचं. मंजुषानं दोनदा सुधारणा केली. सुया वीसच, पण अमावास्येला ती रानात जात नाही म्हणून त्या दिवशी तीस, हे तिनं आवर्जून घालायला लावलं.

पत्र असं झालं :

'रेवतीताई, साखऱ्याच्या गोजरबाई रोज सकाळी शेजारच्या मंजुषाकडून वीस सुया ओवून घेतात. मंजुषा रानात जाते आणि गोजरबाई वाकळ शिवायला बसतात. दुपारी एकच्या सुमाराला विसावी सुई संपते आणि त्यांचं काम थांबतं. हात चांगले आहेत, दोरा आहे, कापड आहे, पन्नास वर्षांचा सराव आहे. फक्त सुईचं भोक दिसत नाही. अमावास्येला मंजुषा घरी असते, त्या दिवशी तीस सुया होतात आणि गोजरबाई खुशीत असतात. आम्हाला त्यांची रोजच अमावास्या करायची आहे. त्यांना लागणारा चष्मा दोनशे रुपयांना येतो. गावात अशा बत्तीस जणी आहेत. तुम्ही एकीचा चष्मा द्याल का? दिलात तर तो कुणाच्या नाकावर बसला आणि तिनं पहिल्यांदा काय पाहिलं, ते मी तुम्हाला कळवीन. तुमची, विजया नरसीकर.'

गोजरबाईंनी सबंध ऐकलं. "ही मी हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, "विजयाबाई, अजून च्या घ्या."

किशनरावांना पत्र पाहून धक्काच बसला. "'रोजच अमावास्या'? ताई, देणगीच्या पत्रात अमावास्या? अन् संस्थेचं नाव कुठं हाय? स्थापना वर्ष? माझी सही?"

"खाली छापलंय की बारीक, सर."

"माझंच नाव बारीक?"

पण ते भले गृहस्थ. रागावले तरी पाकिटं चिकटवायला बसले. विजयाताईंनी प्रत्येक पत्रावर नाव मात्र हातानं घातलं. फाइलमधून ज्याच्याविषयी जे सापडेल ते वाचून, जमलं तर खाली दोन ओळी वेगळ्या लिहून. नांदेडच्या अधिकाऱ्यांना लिहिलं, 'साहेब, हे पत्र नस्तीबद्ध करण्यापूर्वी कृपया एकदा घरी मोठ्यानं वाचावे.'

आठव्या दिवशी पोस्टमन आला तो हातात गठ्ठा घेऊन. फोनवर तर पैसे जमा झाल्याचं टिंग टिंग आधीच सुरू झालं होतं. कुणी एक चष्मा दिला, कुणी दोन. एका शिंप्यानं लिहिलं, 'मला ही तकलीफ माहीत आहे.' नांदेडच्या साहेबांनी पाच चष्मे दिले आणि कळवलं, की पत्र मोठ्यानं वाचताना सौभाग्यवतींनी पोळ्या लाटायच्या थांबवल्या. रेवती पाथ्रीकरांचं पत्र सगळ्यांत शेवटी आलं. त्यात एकच ओळ होती : 'माझ्या आईलाही असंच कुणीतरी विचारायला हवं होतं, तुम्ही विचारताय, विचारत राहा.' विजयाताईंनी ते किशनरावांना वाचून दाखवलं. सरांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "माझं नाव अजून बारीक छापा."

बत्तीसच्या ठिकाणी दोनशेच्या वर चष्म्यांची सोय झाली. चष्मे आले त्या मंगळवारी साखऱ्याच्या शाळेत जी धमाल उडाली, ती विजयाताई अजून सांगतात. रूपाबाईंनी चष्मा लावला आणि आधी हातातला चहाचा कप पाहिला. "आगं माय! ह्यात च्या देत होते मी पाहुण्याले?" म्हणत त्या घरी पळाल्या, सगळी कपबशी राखेनं घासून तासाभरानं परत आल्या. एका म्हातारीनं नवऱ्याला जवळ बोलावलं, तोंड धरून नीट निरखलं आणि म्हणाली, "दाढी नीट करत जा." एकीनं स्वतःच्या हातावरचं गोंदण वाचल्यासारखं बोट फिरवून परत परत पाहिलं.

गोजरबाईंनी सुई घेतली. दोऱ्याचं टोक जिभेला लावलं, आणि पहिल्याच फटक्यात दोरा आरपार. टाळ्या पडल्या. पण त्यांचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतंच. त्यांनी अंगाखालची वाकळ उचलून डोळ्यांपाशी नेली, वर्षभरापूर्वी शिवलेली.

"हे टाके कोणी घातले?"

"तुमीच की आक्का," मंजुषा म्हणाली.

"मी? हे? अगं माय, किती वाकडे!" आणि त्या तिथंच उसवायला बसल्या. विजयाताईंनी वही काढून ते शब्दन् शब्द टिपून घेतलं. वचन दिलं होतं ना, कुणी पहिल्यांदा काय पाहिलं ते कळवीन म्हणून.

पण ते कळवण्याआधी एक भानगड झाली. पत्राची कुणकुण एका मोठ्या शहरातल्या बड्या कारखानदाराला लागली. त्याच्या माणसाचा फोन आला : पाच गावांचे चष्मे आम्ही देतो. फक्त फोटो हवेत. बाया जुनेर नेसलेल्या, हात जोडलेल्या, डोळ्यांत पाणी, आणि मागे साहेबांचं नाव लिहिलेला बॅनर.

किशनराव हुरळले. "ताई, पाच गावं! फोटोच तर हाय."

विजयाताईंना रागही आला आणि मोहही पडला, हे त्या लपवत नाहीत. पाच गावं म्हणजे सहा महिन्यांचं काम. पण ठरवणाऱ्या आपण नव्हे, एवढं त्यांना साखऱ्याच्या अंगणात कळलं होतं. त्यांनी गोजरबाईंना जाऊन विचारलं.

"फोटू? काढा की," गोजरबाई म्हणाल्या. "मी कव्हा नको म्हनलं? थांबा, येते."

आत गेल्या त्या पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या. हिरवंगार नऊवारी, कपाळाला मोठं गोंदण, नाकावर चष्मा, खांद्यावर पूर्ण झालेली वाकळ एखाद्या शालीसारखी. खुर्चीत अशा बसल्या, की पाहणाऱ्याला वाटावं, या बाईंपुढं आपणच अर्ज घेऊन आलो आहोत. "काढा," त्या म्हणाल्या. "अन् मागं त्या कोणाचं नाव नको. वाकळ झाकती."

तो फोटो शहरात गेला. उत्तर आलं नाही ते नाहीच. किशनराव दोन दिवस फोनपाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तो फोटो मोठा करून खोलीत लावला आणि म्हणाले, "असा फोटो माझा बी कोणी काढला न्हाई आजवर."

मग विजयाताईंनी दुसरं पत्र लिहायला घेतलं. त्यात काही मागायचं नव्हतं. रूपाबाईंचे कप, म्हातारीच्या नवऱ्याची दाढी, गोजरबाईंचं उसवणं, सगळं होतं, आणि सोबत तो हिरव्या लुगड्यातला फोटो.

"मागणं न्हाई? मग टपालावर खर्च काहून करून राहिलो?" किशनरावांनी विचारलं.

"सर, लग्नात आहेर घेतला तर माणूस पंगतीला बसवतो की नाही? ही पंगत आहे."

पंगत चांगली रंगली. न मागता पैसे आले, ते तर आलेच. पण लोकांनी आपल्याच गोष्टी लिहून पाठवल्या. कुणाची आत्या, कुणाचे वडील, कुणी स्वतःच. विजयाताईंनी एकेकाला उत्तर दिलं. आणि दिवाळीनंतर एका दुपारी रेवती पाथ्रीकर परभणीहून थेट साखऱ्यालाच आल्या. विजयाताई त्यांना घेऊन गोजरबाईंकडे गेल्या. रेवतीताईंनी वाकळ पाहिली, हात फिरवला, आणि दोन हजारांच्या वाकळीला पाच हजार काढून दिले.

गोजरबाईंनी तीन हजार परत केले. "देणगी येगळी, धंदा येगळा. तुमची देणगी विजयाबाईपाशी द्या. माझ्या वाकळीचा भाव ठरलेला हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तुमच्या आईचं एखादं लुगडं असंल तर धाडा. मधात लावून देते. त्याचे पैशे न्हाई."

रेवतीताईंचे डोळे भरून आले, आणि गोजरबाईंनी त्यांना जवळ घेतलं. हे मात्र विजयाताईंनी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही. ते त्या दोघींचं होतं.

आता सेनगाव तालुक्यातल्या चाळीस गावांत मंडळ जाऊन आलंय. डॉक्टर अपूर्वांनी आणखी दोन डॉक्टर जोडून आणलेत. विजयाताईंचं नाव मात्र चष्म्यापेक्षा पत्रांसाठीच जास्त झालं. शाळेला भिंत बांधायची असो की वाचनालयाला पुस्तकं हवी असोत, लोक कागद घेऊन सायकलच्या दुकानामागं येतात. विजयाताई सगळ्यांना चहा देतात, आणि कागद न वाचताच बाजूला ठेवतात.

गेल्या महिन्यात असेच किसनसिंग आले. तांड्यापलीकडे त्यांनी म्हाताऱ्या, लंगड्या गाई सांभाळायला गोठा काढला आहे. चाऱ्याची चणचण. त्यांनी चार पानी पत्रक आणलं होतं, त्यात वेदांपासून सुरुवात होती.

"किती गाई आहेत?" विजयाताईंनी विचारलं.

"सत्तावीस, ताई."

"त्यातल्या एकीचं नाव सांगा."

किसनसिंग गोंधळले. "नाव? म्हणजे... गोमाताच सगळ्या."

"सगळ्यांना कोण चारा देणार हो? एकीला देईल माणूस. जा, एक गाय निवडा. ती कशी चालते, काय खाते, कोणावर खार खाते, ते बघून या. नाहीतर असं करा, चार दिवस तिच्याजवळ बसा."

ते जरा हिरमुसून गेले. किशनरावांना वाटलं, हा गडी काही परत येत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी विजयाताई कुलूप काढताहेत, तर किसनसिंग पायरीवर बसलेले. कपड्यांना चारा चिकटलेला, चेहरा फुललेला.

"ताई, बिजली!" ते उठतच म्हणाले. "बिजली नाव हाय तिचं. तीन पायांवर चालते, पण काय रुबाब! दुसरी गाय आधी पाण्याला गेली तर ही हौदापाशी आडवी उभी राहते, कोणालाच पिऊ देत न्हाई. आन् रेडिओ लागला ना ताई, तर रवंथ थांबवते. आमी चार दिवस लावून-बंद करून पाह्यलं. बातम्या तिला चालत न्हाईत. गाणंच पायजे..."

विजयाताईंनी दार उघडलं, खिडकी उघडली, चहाचं आधण ठेवायला किशनरावांना खूण केली, आणि कागद पुढं ओढला.

"थांबा, थांबा," त्या हसत म्हणाल्या. "हौदापासून परत सांगा. सावकाश."